करार कागदावर राहतात, देशांना ओढून नेते ती एकटं पडायची भीती

तुम्ही विचारलंय की शाळेत 'युरोप दोन गटांत वाटला गेला होता म्हणून १९१४ चं महायुद्ध झालं' असं शिकवतात, पण मग अमेरिकेचा नाटो आणि सोव्हिएत संघाचा वॉर्सा करार असे दोन गट इतकी वर्षं समोरासमोर उभे राहूनही महायुद्ध झालं नाही, तर गट पडल्यामुळे युद्ध होतं की टळतं? आणि बोस्नियात झालेल्या एका खुनापायी ब्रिटनने बेल्जियममध्ये जाऊन का लढावं? मी बावीस वर्षं आधुनिक युरोपचा इतिहास शिकवतेय आणि पहिली काही वर्षं मीही फळ्यावर दोन गोल काढायचे, एकात जर्मनी-ऑस्ट्रिया-इटली, दुसऱ्यात फ्रान्स-रशिया-ब्रिटन, मध्ये तो खून झाला ते साराजेव्हो लिहून चहूकडे बाण मारायचे आणि पोरं ते वहीत उतरवून घ्यायची. पुढे १९१४ च्या जुलै महिन्यातल्या तारा आणि पत्रं तारखेवार वाचायला लागले तेव्हा हे बाण जुळेनात.

का जुळेनात ते सांगते, कारण सगळं उत्तर तिथेच आहे. जर्मनी आणि ऑस्ट्रियाचा १८७९ चा करार सांगतो की रशियाने ऑस्ट्रियावर हल्ला केला तर जर्मनी मदतीला येईल. १९१४ मध्ये तर ऑस्ट्रियाच सर्बियावर चालून गेला, म्हणजे सुरुवातीला जर्मनीला करारानुसार काहीच करायची गरज नव्हती. रशिया आणि सर्बियात लष्करी मदतीचा बांधील करार नव्हताच. ब्रिटन आणि फ्रान्समध्ये १९०४ पासून समजूत होती, पण 'तुमच्यासाठी लढू' असं कुठल्याही सहीच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. याउलट इटली १८८२ पासून जर्मनी-ऑस्ट्रियाचा सहीशिक्क्याचा मित्र, तो युद्ध सुरू होताच 'हे आमच्या कराराच्या अटीत बसत नाही' म्हणून बाजूला राहिला आणि १९१५ मध्ये सरळ दुसऱ्या बाजूने उतरला. रोमानियाचा तर त्यांच्याशी १८८३ पासून गुप्त करार होता, तोही १९१६ मध्ये ऑस्ट्रियाच्याच विरोधात गेला. म्हणजे बघा, ज्यांना करार बांधत होता त्यातले दोघं सटकले आणि ज्यांना बांधत नव्हता ते लढले (फ्रान्स-रशियाचा करार तेवढा खरोखर बांधणारा होता, तो अपवाद).

मग त्यांना ओढलं कशाने? माझं मत असं की हातात उरलेला एकमेव मित्र गमावायची भीती. आपण मित्राच्या मदतीला गेलो नाही तर उद्या तो आपला राहणार नाही, आणि तो राहिला नाही तर आपण एकटे, ही भीती एकदा बसली की मित्राला आवरायची ताकदच जाते. आघाडीत मोठा देश लहान देशाला चालवतो असं आपल्याला वाटतं, पण अशा वेळी उलटं होतं, लहान पुढे धावतो आणि मोठा त्याच्या मागे फरफटत जातो.

ही भीती एका रात्रीत आली नाही. १८७१ मध्ये जर्मनीने फ्रान्सकडून अल्सास आणि लोरेनचा बराच भाग घेतला, तेव्हापासून फ्रान्स काही जर्मनीचा मित्र होणार नव्हता हे जर्मनीचा चान्सेलर (म्हणजे पंतप्रधानासारखा) बिस्मार्क याला पक्कं माहीत होतं, म्हणून त्याची सगळी धडपड फ्रान्सला दुसरा मित्र मिळू नये यासाठी. त्यासाठी तो रशियालाही धरून होता. १८९० मध्ये तो गेला आणि त्याच वर्षी बर्लिनने रशियाबरोबरचा करार पुढे चालू ठेवला नाही. चार वर्षांत, १८९४ पर्यंत, रशिया आणि फ्रान्सची आघाडी पक्की झाली. मग १८९८ पासून जर्मनीने मोठं आरमार बांधायला घेतलं. ब्रिटनचं सगळं जगणंच समुद्रावर अवलंबून, त्यामुळे तिथे धोक्याची घंटा वाजली आणि ब्रिटनने १९०४ मध्ये फ्रान्सशी, १९०७ मध्ये रशियाशी वसाहतींवरून असलेली जुनी भांडणं मिटवून टाकली. लंडनच्या दृष्टीने ही नुसती भांडणं मिटवणं होतं, बर्लिनला मात्र वाटलं की आपल्याला घेरलं जातंय. आणि घेरलं गेल्यावर भरवशाचा म्हणावा असा मित्र कोण उरला? ऑस्ट्रिया-हंगेरी, म्हणजे ज्याच्या घरात दहा-अकरा भाषांची भांडणं आणि दाराशी सर्बिया.

इथपर्यंतचं बहुतेक पुस्तकांत असतं. पुढचं जे आहे त्याकडे कमी लक्ष जातं आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: १९१४ च्या आधी अशाच तीन-चार वेळा युद्ध टळलं होतं, आणि ते कसं टळलं यातच पुढचं युद्ध शिजत होतं. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया अधिकृतपणे आपल्यात घेतला, सर्बिया खवळला, रशिया त्याच्या पाठीशी, पण जपानकडून मार खाऊन रशियाला तीनच वर्षं झाली होती. मार्च १९०९ मध्ये जर्मनीने जवळजवळ दम देऊन विचारलं की मान्य आहे की नाही, आणि रशियाला मान खाली घालावी लागली. युद्ध टळलं, पण पीटर्सबर्गमध्ये, म्हणजे रशियाच्या राजधानीत, प्रत्येकाच्या मनात हे राहिलं की पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. मग १९१२-१३ ची बाल्कन युद्धं. सर्बियाला समुद्रकिनाऱ्यावर बंदर हवं होतं, ऑस्ट्रिया नाही म्हणाला, तेव्हा रशियाने सर्बियाला समजावून मागे घेतलं, जर्मनीने ऑस्ट्रियाला सबुरीने घ्यायला सांगितलं आणि लंडनमध्ये सगळ्या राजदूतांना बसवून ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे याने प्रकरण मिटवलं. म्हणजे दोन गट तेच, मित्र तेच, भांडणही साधारण तेच, आणि तरी युद्ध झालं नाही कारण मोठ्यांनी आपापल्या लहान मित्राला मागे ओढलं.

पण मित्राला मागे ओढलं की तो दुखावतो. रशियाला वाटायला लागलं की दर वेळी सर्बियाला आपणच गप्प बसवलं तर बाल्कनमध्ये आपलं कोण ऐकणार. बर्लिनला वाटायला लागलं की व्हिएन्नाला, म्हणजे ऑस्ट्रियाच्या सरकारला, पुन्हा एकदा थांबा म्हटलं तर ते आपल्यावरचा भरवसा सोडतील. आणि व्हिएन्नाने १९१३ च्या ऑक्टोबरमध्ये एक वेगळाच धडा घेतला, सर्बियाला 'आठ दिवसांत अल्बानियातून निघा' असा निर्वाणीचा खलिता दिला आणि सर्बिया निघाला. धाक दाखवला की काम होतं हे त्यांच्या डोक्यात बसलं. युद्ध टाळण्याची जी शिल्लक होती ती प्रत्येक वेळी थोडी थोडी खर्च होत गेली असं मी वर्गात सांगते.

आता २८ जून १९१४. बोस्नियातल्या साराजेव्होमध्ये ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची बायको सोफी यांना १९ वर्षांच्या गॅव्ह्रिलो प्रिन्सिप या बोस्नियातल्या सर्ब तरुणाने गोळ्या घातल्या. सकाळी एकाने बाँब टाकलेला चुकला होता, नंतर गाडी चुकीच्या वळणावर वळली, ड्रायव्हरने थांबवली आणि प्रिन्सिप नेमका तिथेच उभा होता. हे सगळं खरं आहे, पण मला त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी वाटते की फ्रान्झ फर्डिनांड हा ऑस्ट्रियाच्या दरबारात सर्बियाशी युद्ध नको म्हणणारा वजनदार माणूस होता. सेनापती कॉनराड वर्षानुवर्षं सर्बियावर चढाई करायची मागणी करायचा आणि हा ती हाणून पाडायचा. म्हणजे मेला तोच माणूस जो आवरत होता.

५ जुलैला ऑस्ट्रियाचा राजदूत कैसरला, म्हणजे जर्मनीच्या सम्राटाला, भेटला आणि कैसरने सांगितलं की तुम्ही काहीही ठरवा, आम्ही पाठीशी आहोत, दुसऱ्या दिवशी चान्सेलर बेथमन होलवेगनेही तेच सांगितलं. यालाच कोरा चेक म्हणतात. कोरा का दिला याची दोन कारणं. एक म्हणजे ऑस्ट्रिया हातचा जायची भीती, जी वर सांगितली. दुसरं, रशियाचा सैन्यवाढीचा आणि फ्रेंच कर्जावरचा रेल्वे बांधण्याचा कार्यक्रम १९१७ च्या सुमाराला पूर्ण होणार होता, म्हणून बर्लिनचे सेनाधिकारी म्हणत होते की व्हायचंच असेल तर आत्ता झालेलं बरं. 'आज नाही तर उद्या आपण हरू' असं ज्या देशाला वाटायला लागतं तो खरा धोकादायक, बलाढ्य देशापेक्षा कितीतरी जास्त.

गंमत म्हणजे बर्लिनची अपेक्षा होती की ऑस्ट्रिया दोन-चार दिवसांत काय ते करून टाकेल, जगाची सहानुभूती ताजी असताना. पण ऑस्ट्रिया-हंगेरीच्या जोडसाम्राज्यातला हंगेरीचा पंतप्रधान टिसा १४ जुलैपर्यंत तयार नव्हता, सैन्यातले बरेच जवान कापणीच्या रजेवर घरी गेले होते, आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष पीटर्सबर्गच्या भेटीवर होते, ते तिथून निघेपर्यंत थांबायचं ठरलं. ऑस्ट्रियाचा सर्बियाला निर्वाणीचा खलिता गेला २३ जुलैला संध्याकाळी सहाला, खुनानंतर जवळजवळ चार आठवड्यांनी, आणि मुदत फक्त ४८ तास. महिनाभर स्वतः वेळ घेतला आणि दुसऱ्याला दोन दिवस दिले.

हा प्रसंग मी वर्गात मुलांकडून करून घेते. प्रत्येकाला एक देश आणि फक्त त्या देशाला त्या दिवशी माहीत होतं तेवढंच एका कागदावर. सर्बियाचा कागद ज्याच्याकडे जातो तो पोरगा दर वर्षी घाम पुसतो. सर्बियाच्या राजधानीत, बेलग्रेडमध्ये, मुदतीच्या दिवशी शेवटच्या क्षणापर्यंत उत्तरात खाडाखोड चालू होती, टाइपरायटर बिघडला म्हणून घाईघाईत हाताने लिहून काढलं आणि पंतप्रधान पाशिच स्वतः ते घेऊन २५ जुलैला सहाच्या जरा आधी ऑस्ट्रियाच्या वकिलातीत पोचला. बहुतेक मागण्या मान्य, काही आढेवेढे घेत, पण ऑस्ट्रियाचे अधिकारी सर्बियात येऊन तपासात भाग घेतील ही अट नामंजूर. ऑस्ट्रियाच्या राजदूताने त्यावर नजर टाकली आणि साडेसहाच्या गाडीने तो बेलग्रेड सोडून गेला. सामान आधीच बांधलेलं होतं.

आणि रशियाचा कागद ज्या मुलीकडे किंवा मुलाकडे जातो ते जवळजवळ दर वेळी म्हणतात की मॅडम, आम्ही युद्धासाठी सैन्याची अर्धीच जमवाजमव करतो, फक्त ऑस्ट्रियाच्या बाजूला, म्हणजे जर्मनी घाबरणार नाही. अगदी हेच झारच्या, म्हणजे रशियाच्या सम्राटाच्या, मनात होतं. पण रशियाच्या सेनापतींकडे अर्ध्या जमवाजमवीची नीट योजनाच नव्हती, अर्धं केलं तर नंतर पूर्ण करताना गोंधळ उडेल असं त्यांचं म्हणणं. २९ जुलैला झारने पूर्ण जमवाजमवीचा हुकूम दिला, त्याच रात्री कैसरची तार आली म्हणून मागे घेतला, आणि ३० जुलैला दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोव्हने गळ घालून पुन्हा द्यायला लावला. कैसर आणि झार नात्यातले, एकमेकांना विली आणि निकी म्हणून तारा पाठवत होते, तरीही.

इथून पुढे सगळं रेल्वेच्या वेळापत्रकावर गेलं. जर्मनीची योजना अशी की रशिया प्रचंड असल्यामुळे त्याचं सैन्य जमायला वेळ लागतो, तेवढ्यात साधारण सहा आठवड्यांत फ्रान्सला पाडायचं आणि मग पूर्वेकडे वळायचं, आणि फ्रान्सला लवकर पाडायचं तर बेल्जियममधून जायचं. म्हणजे भांडण सर्बियाचं, धोका रशियाचा, आणि पहिला वार बेल्जियमवर. रशियाने जमवाजमव सुरू केली की जर्मनीचं घड्याळ सुरू, वाट बघितली तर योजनाच कोसळणार. इतर देशांत सैन्य जमवणं म्हणजे इशारा असू शकत होता, जर्मनीच्या योजनेत मात्र जमवणं म्हणजेच लढणं होतं.

१ ऑगस्टची संध्याकाळ बघा म्हणजे कळेल. लंडनहून जर्मन राजदूताची तार आली की फ्रान्सवर हल्ला केला नाही तर ब्रिटन कदाचित तटस्थ राहील. कैसर एकदम खूश, सेनाप्रमुख मोल्टकेला म्हणाला, मग सगळं सैन्य पूर्वेकडे वळवूया. मोल्टके हादरला, त्याने सांगितलं की लाखोंचं सैन्य असं ऐनवेळी वळवता येत नाही, सुमारे ११,००० रेल्वेगाड्यांची आखणी वर्षभर बसून केलेली असते, ती मोडली तर हातात फौज नाही, नुसती गर्दी उरेल. कैसर त्याला म्हणाला की तुझ्या काकाने मला वेगळं उत्तर दिलं असतं (१८७० च्या युद्धाचा सेनापती तो काका). वाटेतल्या लक्झेंबर्गमध्ये शिरणं तरी थांबवा असा हुकूम सुटला, पण एक छोटी तुकडी तिथल्या एका रेल्वे स्टेशनवर आधीच पोचली होती, अर्ध्या तासाने मागून दुसरी गाडी आली की चूक झाली, परत फिरा. रात्री अकराच्या सुमाराला कळलं की लंडनच्या तारेत गैरसमज होता. कैसरने मोल्टकेला सांगितलं, आता तुला हवं ते कर. जर्मनीच्या रेल्वे विभागाचा प्रमुख नंतर म्हणाला की वळवणं शक्य होतं. शक्य होतं की नाही यापेक्षा मला हे लागतं की त्या खोलीत कुणाकडेच दुसरी तयार योजना नव्हती.

आणि एक तारीख सांगते जी मी मुलांना पाठच करायला लावते. जर्मनीने रशियाशी युद्ध पुकारलं १ ऑगस्टला, फ्रान्सशी ३ ऑगस्टला, बेल्जियममध्ये शिरला ४ ला. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या ऑस्ट्रियाने रशियाशी युद्ध पुकारलं ६ ऑगस्टला.

आता ब्रिटन. तुम्ही म्हणता खुनापायी का लढला, तर खुनापायी लढलाच नाही. मंत्रिमंडळातले बरेच जण ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत युद्धाच्या विरोधात होते. पण १९१२ मध्ये एक व्यवस्था झाली होती, फ्रान्सने आपलं मुख्य आरमार भूमध्य समुद्रात ठेवायचं, म्हणजे फ्रान्सचा उत्तर किनारा ब्रिटनच्या भरवशावर उघडा. करार नाही, पण शब्द दिल्यासारखंच. २ ऑगस्टला मंत्रिमंडळाने त्या किनाऱ्याचं रक्षण करायचं मान्य केलं, आणि ४ ला जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्यावर १८३९ च्या करारातली बेल्जियमच्या तटस्थतेची हमी पुढे आली, लोकांना पटेल असं कारण मिळालं. ब्रिटनने जर्मनीला दिलेली मुदत त्याच रात्री अकराला संपली आणि ब्रिटन युद्धात उतरला. मात्र मुळाशी एकच हिशोब होता, समोरच्या किनाऱ्यावर एकच बलाढ्य देश राज्य करायला लागला तर आपण एकटे पडू. परत तीच भीती.

ग्रेवर माझा राग आहे तो यासाठी की तो शेवटपर्यंत संदिग्ध बोलत राहिला. फ्रान्सला वाटलं येतील, जर्मनीला वाटलं येणार नाहीत. बर्लिन-व्हिएन्नामध्ये गाठ फार घट्ट आणि लंडनची फार सैल, आणि दोन्हींमुळे नुकसान झालं. पण स्पष्ट बोललं असतं तर टळलंच असतं असंही मी छातीठोकपणे सांगणार नाही. १९३९ च्या मार्चमध्ये ब्रिटनने पोलंडला अगदी स्पष्ट हमी दिली होती, तरी सप्टेंबरमध्ये हिटलर घुसलाच, कारण त्याला युद्ध हवंच होतं. समोरच्याला युद्ध हवंय की तो घाबरलाय, यावर सगळं अवलंबून असतं आणि त्या क्षणी ते ओळखणं महाकठीण. १९१४ ला दोष कुणाचा यावर अजूनही वाद चालू आहेत, माझ्या मते व्हिएन्ना आणि बर्लिनचा वाटा सगळ्यात मोठा, पण दुसरा अभ्यासू माणूस रशियाच्या जमवाजमवीवर जास्त बोट ठेवेल आणि मी त्याला चूक म्हणणार नाही.

हे फक्त युरोपचं किंवा रेल्वेच्या काळाचंही नाही. इ.स.पू. ४३३ च्या सुमाराला एपिडॅम्नस नावाच्या आडबाजूच्या गावावरून कॉरिन्थ आणि कॉर्सायरा ही ग्रीक नगरराज्यं भांडली. कॉर्सायराचं आरमार कॉरिन्थच्या हाती जाऊ नये म्हणून अथेन्सने त्याच्याशी दोस्ती केली, आणि कॉरिन्थने स्पार्टाला बजावलं की तुम्ही मदतीला आला नाहीत तर आम्हाला दुसरे मित्र शोधावे लागतील. दोन वर्षांत अथेन्स आणि स्पार्टा लढायला लागले आणि तो लढा मध्ये थांबत थांबत २७ वर्षं चालला.

मग नाटो आणि वॉर्साच्या वेळी का नाही झालं, तर अणुबाँब हे मोठं कारण आहेच, पण एवढंच सांगून थांबलं तर १९६२ मध्ये क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून जे संकट उभं राहिलं त्यातून काही कळत नाही. तिथेही क्युबाचा कॅस्ट्रो सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हला पुढे ढकलत होता, तुर्कस्तानातली अमेरिकन क्षेपणास्त्रं काढायची म्हटलं तर नाटोतले मित्र बिथरतील ही अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष केनेडी याला धास्ती होती, म्हणजे लहान मित्राची ओढ अगदी तशीच. फरक हा की दोन्ही महासत्तांना मित्र गेला तरी आपण एकटे पडून संपू असं वाटत नव्हतं, त्यामुळे ते मित्राला बाजूला ठेवून आपसात बोलू शकले. ख्रुश्चेव्हने कॅस्ट्रोला न विचारता क्षेपणास्त्रं मागे घेतली, कॅस्ट्रो भयंकर चिडला, पण सोव्हिएत संघाला ते परवडत होतं. १९१४ मध्ये जर्मनीला ऑस्ट्रियाचं चिडणं परवडत नव्हतं. शिवाय केनेडीने हल्ल्याऐवजी समुद्रात नाकेबंदी निवडली, म्हणजे उत्तर द्यायला समोरच्याला दिवस मिळाले, तास नाही. पुढच्या वर्षी दोन्ही राजधान्यांमध्ये थेट संपर्काची हॉटलाइन टाकली.

तुम्ही लिहिलंय की हल्ली रोज नव्या आघाड्यांच्या बातम्या बघून धडकी भरते. मी स्वतः अशा बातम्या वाचताना कुणी कुणाशी सही केली हे शेवटी बघते. आधी बघते की या गटातल्या मोठ्या देशाने लहान मित्राला शेवटचं 'नाही' कधी म्हटलं आणि तरी मैत्री टिकली का. मग बघते की कुठल्या देशाचे सेनाधिकारी 'पाच वर्षांनी उशीर होईल' असं बोलायला लागलेत. आणि तिसरं, संकट आलं तर निर्णयाला किती वेळ मिळणार, कारण क्षेपणास्त्रं आणि ड्रोन आल्यापासून ४८ तास म्हणजे खूपच झाले. तुम्हाला खोलात जायचं असेल तर २३ जुलै ते ४ ऑगस्ट १९१४ एवढेच तेरा दिवस घ्या, एका वहीत प्रत्येक राजधानीला एक रकाना करा आणि त्या दिवशी तिथे काय माहीत होतं आणि काय माहीत नव्हतं ते भरत जा. २८ जुलैला येऊन अडाल, कारण त्या सकाळी सर्बियाचं उत्तर वाचून कैसरने लिहिलं की आता युद्धाचं कारणच उरलं नाही, आणि त्याच दिवशी व्हिएन्नाहून सर्बियाला युद्धाची तार गेली.